कै. जमशेटजी टाटा : कोळशाचा हिशेब व घाटावरचा पाऊस

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांचे वडील, काका अथवा थोरले बंधू कामास जातात. त्यामुळे दगडी कोळसा महागला, तेल महागले, विजेचा दर चढला, या गोष्टी आमच्या तालुक्यातील घरांत जेवणाच्या वेळीही कानांवर पडतात. इंधन महागले म्हणजे कारखान्याच्या मालकास तीनच वाटा दिसू लागतात. एक, मालाची किंमत वाढविणे. दुसरी, काम आवरते घेणे. आणि तिसरी, जी सर्वांत कठीण, ती म्हणजे शक्ती मिळविण्याची रीतच बदलणे. ही तिसरी वाट आमच्याच जिल्ह्यातील डोंगरांतून ज्यांनी आखली, त्या जमशेटजी नसरवानजी टाटांचे चरित्र यंदा आमच्या वाचकांस सादर करण्याचे योजिले आहे. पोलादाचा कारखाना काढणारे म्हणून त्यांचे नाव शाळेतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु खोपोली व भिरा येथील वीजगृहांशी त्यांचा संबंध काय, असे विचारले असता मोठ्या वर्गांतील मुलेही गप्प राहतात. खोपोली व भिरा ही दोन्ही ठिकाणे रायगड जिल्ह्यात आहेत, आणि भिरा तर आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यात आहे. तेव्हा हे मौन फारसे भूषणावह नाही.

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. घराणे धर्मगुरूंचे; पिढ्यान् पिढ्या उपाध्येपण चालत आलेले. त्यांचे वडील नसरवानजी यांनी ती परंपरा मोडून मुंबईस व्यापार आरंभिला. वयाच्या चौदाव्या वर्षी मुलासही त्यांनी मुंबईस आणले व एल्फिन्स्टन संस्थेत घातले. 1858 साली तेथील शिक्षण पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीवर बसू लागले, आणि लवकरच चीनकडील व्यापाराची व्यवस्था पाहण्यास हाँगकाँगला गेले. वाचनाची गोडी त्यांना कॉलेजात लागली ती जन्मभर सुटली नाही. व्यापारात पडलेला मनुष्य पुस्तकांस रामराम ठोकतो, असा आपला नित्याचा अनुभव आहे. जमशेटजींचा हा विशेष म्हणूनच आम्ही मुद्दाम नमूद करतो.

त्यांच्या तारुण्यातील पहिला मोठा धडा भावाच्या चढउताराचा होता. 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका व कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. युद्ध संपले तोच कापसाचा भाव कोसळला, व त्या छत्र्याही नाहीशा झाल्या. त्या वेळी जमशेटजी इंग्लंडमध्ये होते. हाती असलेला कापूस व हुंड्या कवडीमोल झाल्या. अशा प्रसंगी पुष्कळ तोंड लपवितात. जमशेटजी धनकोंसमोर उभे राहिले, सर्व हिशेब त्यांनी उघडा केला, आणि धनकोंनी तो निस्तरण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले. पुढे 1867–68 मध्ये इंग्रजांची ॲबिसिनियावर स्वारी झाली. त्या सैन्यास सामान पुरविण्याच्या मक्त्यात टाटांच्या पेढीचा वाटा होता व त्यातून घराण्याची स्थिती सावरली. 1868 साली जमशेटजींनी 21,000 रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1869 मध्ये, त्यांनी चिंचपोकळी येथील एक बुडीत तेलाची गिरणी विकत घेतली, तिची सूतगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा मिल हे नाव दिले, आणि दोन वर्षांनी नफा घेऊन ती विकून टाकली. येथवर त्यांची चाल एखाद्या चतुर व्यापाऱ्याची होती, कारखानदाराची नव्हे. त्यानंतर ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि लँकेशायरमधील गिरण्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. तेथून परत आल्यावर त्यांनी जो निर्णय केला, त्यात आमच्या आजच्या विषयाचे बीज आहे.

त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण ठरून गेले होते. बंदर तेथे, बँका तेथे, यंत्रे उतरत तीही तेथेच. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. लोकांस तो वेडेपणा वाटला. त्यांचा हिशेब असा होता की, कापूस विदर्भात पिकतो, तो मुंबईस नेण्यास भाडे पडते. विणलेले कापड परत मध्य हिंदुस्थानात पाठविण्यास पुन्हा भाडे पडते. आणि गिरणीच्या इंजिनास लागणारा दगडी कोळसा तर मुंबईच्या आसपास शेकडो मैलांत कोठेही सापडत नाही. मुंबईस कोळसा यावयाचा तो जहाजाने समुद्रपार देशांतून, किंवा बंगालमधील राणीगंजकडील खाणींतून, हजार मैलांहून अधिक प्रवास करून. खाणीच्या तोंडाशी जो कोळसा स्वस्त, तो गिरणीच्या दाराशी पोहोचेपर्यंत भाड्यामुळेच महाग होत असे. उलट नागपुरास रेल्वे आलेली होती, कापूस जवळ होता, आणि वरोरा येथे कोळशाची सरकारी खाण सुरू झाली होती. 1874 साली कंपनी स्थापन झाली, आणि 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल चालू झाली. त्याच दिवशी दिल्लीस व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा जाहीरनामा वाचला गेला. गिरणीचे नाव त्यावरूनच पडले.

आरंभीची काही वर्षे कष्टाची गेली. तरीही जमशेटजींनी गिरणी नव्या तऱ्हेच्या यंत्रांनी सजविली. रिंग चात्या नवीन निघाल्या, त्यांची परीक्षा इंग्लंडमधील पुष्कळ गिरण्यांनी करण्यापूर्वी त्यांनी केली. हवा ओलसर राखण्याची व आग विझविण्याची यंत्रे बसविली. कामगारांसाठी 1886 साली निवृत्तिनिधी व 1895 साली अपघाताच्या भरपाईची योजना केली. सरकारी कायद्याने अशा गोष्टी सक्तीच्या होण्यास त्यानंतर कित्येक वर्षे लागली. 1886 मध्ये त्यांनी कुर्ल्याची एक डबघाईस आलेली गिरणी घेतली व तिचे स्वदेशी मिल असे नामकरण केले. ही गिरणी मुंबईकडील असल्याने महाग कोळशाची झळ आता त्यांना स्वतःलाही लागू लागली.

भाड्याच्या जाचाविरुद्ध त्यांनी एकदा उघड लढाही दिला. मुंबईहून चीन व जपानला जाणाऱ्या सुतावर एक बलाढ्य इंग्रज जहाज कंपनी मन मानेल तसे भाडे घेई. 1893 च्या सुमारास जमशेटजींनी एका जपानी कंपनीशी करार करून स्वतःची जहाजे लावली. इंग्रज कंपनीने भाडे इतके खाली आणले की टाटांच्या जहाजांस माल मिळेना, आणि ज्या व्यापाऱ्यांच्या हितासाठी हा खटाटोप होता त्यांनीच स्वस्ताईच्या लोभाने पाठ फिरविली. टाटांची जहाजे बंद पडली. चरित्रकार बहुधा हा भाग चटकन् उरकतात. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. दूरदेशीच्या मालावर व परक्याच्या वाहनावर अवलंबून राहण्यात किती धोका असतो, हे जमशेटजींनी येथे पैसे मोजून पाहिले.

आता कोळशाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली होती. प्रत्येक गिरणीस आपले बाष्पक, आपले इंजिन, आपली उंच चिमणी. इंजिनाचे प्रचंड चाक फिरे, त्यावरून जाड दोरखंडे मजल्यामजल्यावरील दांड्यांस जात, आणि त्या दांड्यांवरील पट्ट्यांनी माग व चात्या चालत. साध्या गिरणीच्या इंजिनास एका अश्वशक्तीचे एक तास काम करण्यास दोन-तीन पौंड कोळसा लागत असे. म्हणजे कोळशाच्या अंगी असलेल्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी दहाच्या आसपासच भाग कामी येत; बाकीचे चिमणीवाटे व थंड केलेल्या वाफेवाटे निघून जात. कोळसा महागला की गिरणीवाले काय करीत, हे पाहणे मनोरंजक आहे. ते बाष्पकात जाणारे पाणी चिमणीकडे जाणाऱ्या गरम धुरावर आधी तापवून घेत. एकाच वाफेकडून दोनदा, तीनदा काम घेणारी इंजिने बसवीत. नळांवर जाड वेष्टणे घालीत. या सर्व उपायांनी कोळसा वाचे खरा, पण मूळ दुखणे जाईना; कारण कोळसा बंगालमधून यावयाचा तो यावयाचाच. 1891 साली नागपूरहून बंगालकडे सरळ रेल्वे झाली तेव्हा अंतर काहीसे घटले. तथापि खाणीवर मजुरांची टंचाई, डब्यांची टंचाई, किंवा कोठे युद्ध, यांपैकी काहीही झाले तरी मुंबईची भट्टी चिंतेत पडे.

या सुमारास वीज हे नवे साधन जगात पुढे येत होते. अमेरिकेत 1895–96 मध्ये नायगारा धबधब्याची शक्ती विजेच्या रूपाने बफेलो शहरापर्यंत पोहोचली. आपल्या देशात दार्जिलिंगला 1897 साली एक लहानसे जलविद्युत केंद्र निघाले, आणि 1902 साली म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवसमुद्रम् येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींस वीज पुरविली. कोलारलाही अडचण तीच होती. तेथे सोने होते, पण कोळसा नव्हता.

डेव्हिड गॉस्टलिंग नावाचे एक वास्तुशिल्पी तेव्हा मुंबईत होते. लोणावळ्याच्या आसपास सह्याद्रीवर पडणारा पाऊस साठवून, तो घाटाखाली सोडून वीज करावी, ही कल्पना त्यांनी जमशेटजींपुढे ठेविली. कल्पना गॉस्टलिंगांची होती, हे येथे स्वच्छ सांगितले पाहिजे. थोर पुरुषाच्या चरित्रात लहान माणसांची नावे गळून पडतात, ते आम्हांस रुचत नाही. जमशेटजींची थोरवी ही की, इतरांनी हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट त्यांनी कागदावर मांडून पाहिली, पदरचे पैसे घालून डोंगरांची पाहणी करविली, आणि ती साध्य आहे असे दिसताच तिचा पाठपुरावा सोडला नाही.

या योजनेची अडचण व सोय अशा दोन्ही बाजू मुलांनी नीट समजून घ्याव्यात. घाटमाथ्यावर वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. महाड-पोलादपूरकडेही पाऊस कमी नाही, हे आम्ही कोणास सांगावयास नको. पण हा सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडे राहतात. गिरणीस तर बाराही महिने शक्ती हवी. नायगाऱ्यास धबधबा निसर्गाने दिला. येथे तो मनुष्यास बांधावयाचा होता. धरणे घालून आठ महिन्यांचे पाणी उंचावर साठवावयाचे होते. सोय अशी की, सह्याद्रीचा कडा कोकणाच्या बाजूस एकदम तुटलेला आहे. लोणावळ्याकडील पाणी स्वभावतः पूर्वेस वाहते व भीमेतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागरास जाते. तेच पाणी वळवून पश्चिमेच्या कड्यावरून नळांतून खाली सोडले, तर खोपोलीपर्यंत ते सुमारे 1,725 फूट खाली येते. तळाशी त्याचा दाब दर चौरस इंचास साडेसातशे पौंडांच्या आसपास भरतो. त्या जोराच्या धारेने पेल्टन चाक फिरते व त्यास जोडलेले जनित्र वीज देते. वरच्या वर्गांतील मुलांनी गणित करून पाहावे. इतक्या उंचीवरून आलेले एक हजार लिटर पाणी, घर्षणादी तूट वजा जाता, सुमारे सव्वा युनिट वीज देते. तेवढे काम जुन्या वाफेच्या इंजिनाकडून करून घेण्यास चार पौंडांच्या आसपास कोळसा जाळावा लागला असता. चार पौंड म्हणजे काही फार नव्हेत, असे वाटेल. पण धरणात हजार लिटरांचे माप कोटी कोटी वेळा भरते, आणि दरवर्षी नव्याने भरते. त्यास रेल्वेचे भाडे नाही.

हे सारे जमशेटजींनी पाहिले काय? नाही. त्यांनी जन्मभरात तीन मोठी कामे मनाशी धरिली होती. पहिले पोलादाचा कारखाना, दुसरे शास्त्रीय संशोधनाची विद्यापीठासारखी संस्था, आणि तिसरे ही जलविद्युत योजना. पोलादाच्या बाबतीतही इंधनानेच त्यांना प्रथम अडविले होते. चांदा जिल्ह्यात उत्तम लोखंडाचा दगड आहे, असा अहवाल त्यांनी 1882 साली वाचला. पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा ठरला नाही, आणि तो बेत वीस वर्षे मागे पडला. 1902 मध्ये, साठी उलटल्यावर, ते अमेरिकेत गेले आणि तेथील पोलादाच्या भट्ट्या पाहून तज्ज्ञ मिळविले. मुंबईतील ताजमहाल हॉटेल मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत 1903 च्या डिसेंबरात उघडले. तेथे विजेचे दिवे होते. प्रकृती तोवर खालावली होती. 19 मे 1904 रोजी जर्मनीतील नाउहाइम येथे त्यांचा अंत झाला. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांची समाधी आहे.

तिन्ही कामे त्यांच्या पुत्रांनी, विशेषतः दोराबजींनी, व बरजोरजी पादशा यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी पुरी केली. 1907 साली पोलादाची कंपनी निघाली. बंगळूरच्या संस्थेत 1911 मध्ये पहिले विद्यार्थी आले. जलविद्युत कंपनी 1910 च्या नोव्हेंबरात नोंदली गेली. तीस लागणारे भांडवल हिंदी लोकांनी व संस्थानिकांनी दिले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी या योजनेस उत्तेजन दिले, आणि 8 फेब्रुवारी 1911 रोजी लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसविली. लोणावळे, वळवण व शिरवटे अशी तीन तळी तयार झाली. खोपोलीस वीजगृह उभे राहिले. तेथून मुंबईपर्यंत सुमारे 43 मैल तारांची ओळ डोंगर, खाड्या व भातशेते ओलांडून गेली. तीतून एक लाख व्होल्ट दाबाने वीज वाहणार होती. त्या काळी आपल्या देशात हे धाडस अपूर्व होते. 1915 च्या फेब्रुवारीत वीज मुंबईस पोहोचली.

गिरणीवाल्यांनी तिचे स्वागत लगबगीने केले असेल, असे कोणास वाटल्यास ते तितकेसे खरे नाही. ज्याने नुकतेच लाखो रुपयांचे इंजिन बसविले आहे, तो ते भंगारात काढण्यास कसा धजेल? दुसऱ्याच्या तारेवर आपली गिरणी टांगून ठेवणे कित्येकांस पसंत नव्हते. तार तुटली तर काय, तळी आटली तर काय, या शंका काही मूर्खपणाच्या नव्हत्या. पुष्कळांनी मधला मार्ग पत्करला. दांड्या व पट्टे जुनेच ठेविले, आणि इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसविली. पुढे हळूहळू यंत्रास स्वतंत्र मोटर देण्याची रीत आली. मने वळविण्याचे काम मात्र व्याख्यानांनी केले नाही, कोळशानेच केले. 1914 ते 1918 च्या महायुद्धात जहाजे व रेल्वेचे डबे युद्धाकडे लागले, मुंबईत कोळशाचा तुटवडा पडून तो महागला, आणि काल नाक मुरडणारे आज वीज मागू लागले. मागणी पुरविण्यासाठी 1916 मध्ये आंध्र व्हॅली कंपनी निघाली, तिचे भिवपुरीचे वीजगृह 1922 साली चालू झाले. आणि 1919 मध्ये तिसरी, टाटा पॉवर कंपनी निघाली, तिने मुळशीकडे दृष्टी वळविली.

येथे थोडे थांबून आमच्या महाडकडे पाहू, कारण जमशेटजींचे उदाहरण घेऊन कोणी चुकीचा निष्कर्ष काढू नये. मुंबईच्या गिरण्यांना हवी होती ती मुख्यतः गती. चाक फिरले की काम झाले. गती देण्यास विजेसारखे साधन नाही. महाडच्या वसाहतीत रासायनिक कारखाने अधिक, आणि त्यांना गतीपेक्षा उष्णता अधिक हवी असते. रसायन उकळावयाचे, त्याची वाफ करून शुद्ध करावयाचे, भुकटी वाळवावयाची. या कामांस बाष्पकातील वाफ लागते. विजेने पाणी तापविता येते, पण ती वीज दुसरीकडे कोळसा जाळूनच केलेली असेल, तर दोनदा तूट सोसावी लागते. म्हणून अशा कारखान्यांत उपाय निराळे असतात. तेल महागले की कोळसा. कोळसा महागला की भुसा, उसाचे चिपाड व शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या. वाफेचे झालेले गरम पाणी वाया न घालविता परत बाष्पकात घेणे. धुराच्या उष्णतेने आत जाणारे पाणी तापविणे. यांतील शेवटच्या दोन युक्त्या जमशेटजींच्या काळातील इंजिनवाल्यांसही ठाऊक होत्या. नवी विद्या येते, पण जुनी काटकसर निरुपयोगी होत नाही. वाफेचा गळका नळ हा आजही कोळशाच्या गोणीला पडलेल्या भोकासारखाच आहे.

मुळशीची गोष्ट मात्र टाळता येत नाही. येथवर सांगितलेल्या हिशेबात एक रक्कम मांडलेलीच नव्हती, आणि ती मावळातील शेतकऱ्यांनी भरली. मुळा व निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधल्याने सुमारे पन्नास गावांची जमीन बुडणार होती. ही जमीन आंबेमोहोर भाताची; पिढ्यान् पिढ्या कसलेली. 1894 च्या जमीन संपादनाच्या कायद्याने ती सरकारामार्फत कंपनीस देण्यात आली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली तो कमीअधिक प्रमाणात 1924 पर्यंत चालला. स्त्रिया व पुरुष तुरुंगात गेले. बापटांनी वारंवार शिक्षा भोगल्या. अखेरीस धरण झाले. ज्या सावकारांच्या नावे जमिनी होत्या, त्यांच्या हाती नुकसानभरपाई पडली. जे नुसते कसत होते त्यांच्या पदरी फारसे काही आले नाही.

जमशेटजी तेव्हा हयात नव्हते. ते असते तर त्यांनी काय केले असते, याविषयी तर्क करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. एवढे खरे की, नागपुरास कामगारांच्या म्हातारपणाची तरतूद ज्या पेढीने कायद्याच्या आधी केली, त्याच पेढीच्या कामात मुळशीच्या कुळांची तरतूद कायद्यापुढे गेली नाही. मुंबईचा धूर कमी झाला, गिरण्यांस स्वस्त शक्ती मिळाली, परक्या कोळशाची ताबेदारी सैल झाली. आणि त्याच विजेसाठी मावळातील माणसे आपल्या घरावरून पाणी चढताना पाहत बाहेर पडली. दोन्ही गोष्टी एकाच वहीत, एकाच पानावर लिहिल्या पाहिजेत. टाटांच्या चरित्राची जी पुस्तके आम्ही मुलांच्या हाती देतो, त्यांत पहिलीच बाजू ठळक अक्षरांत असते. पालकांनी दुसरीही सांगावी.

मुळशीचे पाणी कडा उतरून भिरा येथे येते. तेथील वीजगृह 1927 साली चालू झाले. याच वर्षी महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, म्हणजे एकाच वर्षी आमच्या टापूत पाण्याने दोनदा इतिहास घडविला. ज्या गिरण्यांसाठी हा खटाटोप होता, त्यांतील बहुतेक आज उरल्या नाहीत. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. नागपूरची एम्प्रेस मिल 1986 साली सरकारी महामंडळाकडे गेली व 2002 मध्ये तीही थांबली. खोपोली, भिवपुरी व भिरा ही तिन्ही वीजगृहे मात्र चालू आहेत. भिऱ्याहून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडते, आणि कालव्यांनी रोहे-माणगावकडील भातशेतीस जाते. उन्हाळ्यातही त्या बाजूस शेते हिरवी दिसतात ती त्यामुळे. 1990 नंतरच्या दशकात भिऱ्यास आणखी एक यंत्र बसविण्यात आले. विजेची मागणी कमी असते व ती स्वस्त पडते, अशा वेळी, बहुधा रात्री, ते यंत्र उलटे चालून खालचे पाणी पुन्हा डोंगरावर चढविते. मागणी वाढून वीज महागली की तेच पाणी पुन्हा खाली सोडून तीतून वीज घेतात.